पायांकडची घडी

इस्पितळात माणसं ऑपरेशन थिएटरला भितात हे खरं, पण ती पेशंट माणसं. तिथं नोकरीला असलेली माणसं भितात ती एचआरच्या केबिनला. मिरजेतल्या त्या मोठ्या इस्पितळात ही केबिन पहिल्या मजल्यावर, औषधांच्या गोदामाशेजारी होती आणि तिथं शैलजा मगदूम बसायची. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाची ड्युटी कुठल्या वॉर्डात लावायची, कुणाला लग्नासाठी रजा हवी आणि ती खरंच लग्नासाठी हवी का, हे सगळं तिच्याकडे. तिचं बोलावणं आलं की सिस्टर लोक देवाचं नाव घेत जिना चढायचे. आत गेल्यावर मात्र शैलजा आधी चहा मागवायची आणि मग रागवायची. त्यामुळे तिचा राग फारसा कुणी मनावर घेत नसे, आणि तिलाही ते ठाऊक होतं.

तिचा एक हट्ट होता. जे आपण करणार नाही ते दुसऱ्याला करायला सांगायचं नाही. नर्सांसाठी नव्या धर्तीचे बूट आले, की आधी स्वतः घालून दिवसभर वॉर्डावॉर्डातून फिरायची. कँटीनचा ठेकेदार बदलला, की पहिला आठवडा स्वतः तिथं जेवायची आणि पोट बिघडवून घ्यायची. भरत, तिचा नवरा, म्हणायचा, "तुला एचआरला ठेवलंय का प्रयोगाचा उंदीर म्हणून ठेवलंय?" भरतचं स्टेशन रोडला पाण्याच्या पंपांचं दुकान होतं. मुलगी बंगळूरला शिकायला गेल्यापासून घरात दोघंच, त्यामुळे एकमेकांना चिडवण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता.

पुढचं जे काही झालं ते या हट्टापायी झालं.

त्या वर्षांत नर्सांचा दुष्काळ पडला होता. जरा हात बसला की पोरी जर्मनीला, जपानला उडायच्या. शैलजा एकीला निरोपाची फुलं द्यायची आणि लगेच दुसरीची मुलाखत घ्यायला बसायची. नव्या पोरी हुशार होत्या, पुस्तक तोंडपाठ होतं, पण शीर सापडायची नाही. म्हाताऱ्या पेशंटांचे हात टोचून टोचून निळे पडायचे. तेव्हा पुण्याच्या एका कंपनीनं बाही आणली.

बाही म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत येणारा, कातडीला चिकटून बसणारा पातळ हातमोजा. आपण हात हलवतो तेव्हा स्नायूंत अगदी बारीक वीज खेळते. कसलेल्या नर्सच्या हातात बाही घातली की ती दोन गोष्टी टिपून ठेवायची. बोटांना काय लागलं, आणि त्यावर हातानं काय केलं. कातडी किती ताठ, किती ओलसर, किती गरम, खाली नाडी कशी. मग बोटं कुठे वळली, दाब किती दिला. असं महिनोन्महिने टिपून झालं, की ती बाही नवख्या मुलीच्या हातात घालायची. तिच्या बोटांना तसंच काही लागलं की बाही तिच्या स्नायूंना हलकी झिणझिणी द्यायची, जणू कुणी मनगट धरून सांगतंय, आता इकडे. काही आठवड्यांनी बाही काढून ठेवली तरी चालायचं. सायकल शिकवताना मागून धरणाऱ्यानं हात कधी सोडला हे जसं कळत नाही, तसं. विद्या डोक्याला न विचारता थेट हातात जाऊन बसायची.

"फक्त एक लक्षात ठेवा," कंपनीचा इंजिनिअर वरद केळुसकर शैलजाला म्हणाला होता. "बाहीला कसब आणि सवय यातला फरक कळत नाही. ज्यांचा हात तुम्ही निवडाल, त्यांचं सगळंच उतरेल."

निवड शैलजानं केली, सिस्टर एस्तेर सातपुतेची. एस्तेर निवृत्तीला आली होती. तान्ह्या बाळाची शीर असो की भाजलेल्या माणसाची, तिच्या बोटाखाली ती आपण होऊन वर यायची. पण एस्तेरचे गुडघे पार गेले होते. शैलजाला तिची दया आली आणि तिनं फक्त एचआरवाल्यांनाच सुचेल अशी सोय केली. ज्या वॉर्डात धावपळ सर्वांत कमी, तिथं तिची ड्युटी लावली. इस्पितळात धावपळ सर्वांत कमी कुठे असते, तर जिथं वाचवायची धडपड सोडून दिलेली असते तिथं. बागेकडच्या त्या वॉर्डात शेवटच्या दिवसांतली माणसं असायची. वर्षभर एस्तेरचे हात टिपले गेले ते त्या माणसांच्या अंगावर. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. एस्तेरनं तर गुडघ्यांच्या वतीनं शैलजाचे आभार मानले आणि निवृत्त होऊन बेडगला भाच्याकडे राहायला गेली.

नव्या पोरी बाही घालायला तयार होईनात. हात लुळे पडतात, अशी आवई उठली होती. शैलजानं सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, पदर खोचला आणि म्हणाली, "आधी मी घालते." सुई काही तिला टोचायची नव्हती, पण नाडी धरणं, पेशंटची कूस बदलणं, चादर घालणं एवढं तीही पोरींबरोबर शिकली. तिचे हात लुळे पडले नाहीत. उलट भरत म्हणाला, "चादरीची घडी बघ कशी घालालीस! लग्नाला इतकी वर्षं झाली, आत्ता शिकलीस."

बाहीनं कमाल केली. महिन्याभरात पेशंटांचे निळे हात दिसेनासे झाले.

मग थंडीच्या दिवसांत तुंगचे एक गृहस्थ, दादासाहेब चौगुले, तक्रार घेऊन केबिनमध्ये आले. डोळे सुजलेले होते.

"बाई, तुमच्या नर्सनं आमच्या आण्णांच्या पायावरचं पांघरूण काढलं. एवढी थंडी, आणि पाय उघडं टाकलं. त्याच दिवशी आण्णा गेलं ओ."

शैलजानं त्यांना चहा पाजून, समजूत घालून पाठवलं आणि आण्णांच्या वॉर्डातल्या नाझनीन मुजावरला बोलावलं. नाझनीन मिरजेचीच, नव्या पोरींत सगळ्यांत चांगली.

"मी काढलं न्हाई मॅडम," नाझनीन म्हणाली. "म्हणजे, काढलं. पण मी न्हाई काढलं."

"एक काहीतरी सांग."

"हात गेला, मॅडम. मला कळलंच न्हाई."

तिनं टेबलावरच्या टॉवेलवर करून दाखवलं. पायाकडची कड धरून दोनदा वर दुमडली, घोट्यांच्या वर बसेल अशी. मग तळवे असतील तिथं दोन्ही तळहात हलकेच टेकवले, क्षणभर. ती घडी इतकी नीटस होती की शैलजाला ती कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. मग आठवलं. बागेकडच्या वॉर्डात एस्तेर असं करायची.

त्यानंतर शैलजा वॉर्डातून फिरू लागली, की तिची नजर आधी पायांकडे जायची. गडहिंग्लजची एक पोर, कोट्टायमची एक, जतची एक. वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या बोलीच्या पोरी, पण घडी तीच आणि तळव्यांवर तळहात तसाच. एकदा हर्नियाच्या ऑपरेशनला आलेला एक धडधाकट माणूस मोबाईलवर क्रिकेट बघत हसत पडला होता. नर्सनं जाता जाता त्याची चादर दुमडली. "सिस्टर, गार लागतंय की," तो म्हणाला. ती दचकली आणि घाईनं निघून गेली. त्याचे सगळे रिपोर्ट चांगले होते. दुसऱ्या दिवशी शैलजा गेली तर खाट रिकामी होती. पायातली गुठळी फुप्फुसात गेली, असं डॉक्टर म्हणाले. शैलजा त्या कोऱ्या चादरीकडे बघत उभी राहिली.

ती बेडगला गेली. एस्तेर अंगणात शेंगा फोडत बसली होती. शैलजानं सगळं सांगितलं, तेव्हा एस्तेर आपल्या हातांकडे बघत राहिली.

"माझ्या पहिल्या मेट्रनबाई तसं करायच्या," ती म्हणाली. "जाणाऱ्याचे पाय झाकू नयेत म्हणायच्या. घरचे धरून ठेवतात, डॉक्टर धरून ठेवतात, आपण तरी वाट अडवू नये. बघून बघून मलाही सवय लागली."

"पण कोण जाणार हे तुम्हाला कसं कळायचं, सिस्टर?"

"मला कुठं कळायचं? हातच करायचे. त्यांनी केलं की मग मला कळायचं. मी मनातल्या मनात प्रार्थना म्हणायची आणि पुढच्या खाटेकडं जायची."

"आणि हात कधी चुकले नाहीत?"

एस्तेरनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "एक बाळंतीण होती. कोवळी पोर. तिची चादर दुमडली गेली आणि मला माझ्याच हातांचा राग आला. मी पांघरूण ओढून खाली घेतलं, तिचे पाय घट्ट झाकले आणि डॉक्टरांच्या नावानं अशी ओरडले, की सगळा मजला गोळा झाला. पोटात रक्त साठत होतं. वाचली ती."

"मग हात चुकलेच की."

"न्हाई ओ मॅडम. हात बरोबरच होते. पण त्यांचं ऐकायलाच पाहिजे असं कुठं आहे?"

शैलजा परत आली ती उमेद घेऊन. बोटांना जे कळतं ते अजून कुठल्या यंत्राला कळत नसेल. कातडीचा चिकटपणा, नाडीचा किंचित मंद ठोका, असं बारीकसारीक सगळं मिळून. म्हणजे ही घडी हा निरोप नव्हे, हा इशारा आहे. तिनं इस्पितळाचे मुख्य डॉक्टर आवटी यांना पटवलं. चादर दुमडली गेली, की नर्सनं लगेच घंटा वाजवायची आणि डॉक्टरांनी धावत यायचं. तसं सुरू झालं आणि काही माणसं खरंच वाचली.

पण इस्पितळात अशी गोष्ट लपून राहते होय! पेशंटचे नातेवाईक नर्सांच्या तोंडाकडे बघेनासे झाले. ते हातांकडे बघू लागले. नर्स खाटेच्या पायथ्याशी गेली की बोलणं थांबायचं. एकानं नाझनीनचं मनगट धरून पिरगाळलं, "हात लावायचा न्हाई बापाला!" पोरी हात खिशात घालून फिरू लागल्या. एक दिवस नाझनीन आपणहून केबिनमध्ये आली. चहा तिनं घेतला नाही.

"मॅडम, घरी अम्मीच्या अंगावर मी पांघरूण घालत न्हाई आता. भावाला सांगते. मला भ्या वाटतंय ओ, माझ्याच हाताचं."

या पोरींना शैलजानंच हॉलमध्ये उभं करून बाही घालायला लावली होती.

डॉक्टर आवटी म्हणाले, "बाहीवाले सांगतायत, एवढी एक सवय पुसता येते. पण मग इशाराही गेला. तुमची माणसं आहेत, तुम्ही ठरवा."

वाचणारी माणसं एका बाजूला आणि या पोरी एका बाजूला. शैलजानं पोरींची बाजू घेतली. ती एचआरची बाई होती. दुसरं काय करणार? वरद पुण्याहून आला आणि त्यानं प्रत्येकीला उलटा पाठ दिला. हात चादरीच्या कडेकडे वळला की बाही उलटी झिणझिणी द्यायची, थांब म्हणून. आठवड्याभरात सगळ्यांचे हात साफ झाले. शैलजानं स्वतःचा नंबर शेवटी ठेवला होता. तोवर वरदची गाडी आली, तो गेला, आणि तिचं राहून गेलं. तिलाही त्यात काही वाटलं नाही. ती कुठे पेशंटांच्या खाटेशी जाते?

रविवारी दुपारी वांग्याची भाजी आणि भाकरी चेपून भरत दिवाणावर आडवा झाला. पंखा गरगरत होता. शैलजानं कपाटातून चादर काढली आणि त्याच्या अंगावर घातली. खांद्यापाशी नीट केली, सारखी करत पायांपर्यंत आली. आणि तिच्या डोळ्यांदेखत तिच्या हातांनी चादरीची कड धरली, दोनदा वर दुमडली, घोट्यांच्या वर ठेवली. मग तिचे तळहात त्याच्या तळव्यांवर टेकले.

भरतनं एक डोळा उघडला. "काय गं, पाया पडालीस काय आज?"

तिला हसता आलं नाही. तिनं चादर ओढून खाली घेतली आणि त्याचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले. "उठा," ती म्हणाली. "अहो, उठा. इस्पितळात जायचंय."

त्याचं काही चाललं नाही. रक्त, ईसीजीची पट्टी, सोनोग्राफी, डोक्यापासून पायापर्यंत सगळं झालं. सगळं ठणठणीत. "ह्यांना काय धाड भरलीय?" डॉक्टर आवटी हसले. "झोप तुम्ही घ्या जरा. चेहरा उतरलाय तुमचा." हर्नियावाल्याचेही रिपोर्ट चांगले होते, हे तिच्या मनातून जाईना. तिनं वरदला फोन लावला.

"मॅडम, एक सांगायचं राहिलं," सगळं ऐकून वरद सावकाश म्हणाला. "बोटांना गरमी कळत नाही, फरक कळतो. गार हातांना कोमट पाणीही कढत लागतं ना? नाडीचंही तसंच. बोटाच्या टोकाला स्वतःचीही नाडी असते. एस्तेर सिस्टरांचा हात निरोगी, म्हणून फरक नेहमी पेशंटचाच असायचा. पोरींचंही तेच."

"आणि माझं?"

"तुमच्या हातांना फरक कळला, एवढं नक्की. तो त्यांच्याकडून आला की तुमच्याकडून, हे हातांना सांगता येणार नाही."

शैलजानं स्वतःचं रक्त दिलं, स्वतःचाही ईसीजी काढून घेतला. तेही ठीक. नेमकं काय शोधायचं ते ठाऊक नव्हतं आणि कुणात शोधायचं तेही. कुणातरी एकात काहीतरी होतं, एवढंच. तिला हवे होते दुसरे हात.

पुसूनही थोडं उरलं असेल, या आशेनं सिस्टर लोकांच्या खोलीत ती खाटेवर आडवी झाली आणि नाझनीनला म्हणाली, "जरा चादर घाल गं माझ्यावर." नाझनीननं आनंदानं घातली. पायाशी ताणून, कोपरे गादीखाली खोचून, अगदी पुस्तकात असतात तसे.

"बघा मॅडम, आता अजिबात जात न्हाई हात," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती मनापासून हसत होती.

शैलजाही तिच्याकडे बघून हसली. हे हात तिनंच मुके केले होते. आता तिच्याखेरीज जगात असे हात एकीकडेच उरले होते.

बेडगला जायचं म्हटल्यावर भरत कुरकुरला, पण एस्तेरच्या भाच्याच्या बोअरचा पंप बिघडलाय म्हटल्यावर तयार झाला. शैलजानं एस्तेरला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. एस्तेरचे हात आता वयानं थरथरायचे. ते तिनं पदराला पुसले.

"साहेब, या खाटेवर जरा पडा," ती बाहेर येऊन भरतला म्हणाली. "नाडी बघते तुमची."

"आमचं सगळं बघून झालंय सिस्टर. हिला विचारा," असं म्हणत भरत पडला. एस्तेरनं त्याच्यावर चादर घातली आणि ती हळूहळू पायांकडे सरकली. शैलजा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. थरथरणारे हात त्याच्या घोट्यांवर आले, थांबले, चाचपत राहिले. मग त्यांनी चादर नीट खाली ओढली आणि पाय झाकले.

शैलजाला रडू कोसळलं. लग्नात पाठवणीच्या वेळीही ती इतकी रडली नव्हती. भरत उठून बसला, "अगं काय झालं?" म्हणू लागला. तिनं त्याला हातानंच उठवलं, चपला काढल्या आणि त्याच्याच उबेवर, त्याच खाटेवर ती पडली. डोळे मिटून घेतले.

चादर खांद्यांवर आली. मग पोटावर, मग गुडघ्यांवर. मग पायांना गार वारा लागला. एक घडी. दुसरी घडी. आणि दोन्ही तळव्यांवर एस्तेरचे थरथरते, ऊबदार तळहात येऊन टेकले.

शैलजाला पहिल्यांदा वाटलं ते बरं वाटलं. तो नाही, मी आहे, एवढंच तिच्या मनात आलं आणि तिला सुटल्यासारखं झालं. भीती मागाहून आली, पायांकडून वर चढत.

तिनं डोळे उघडले. एस्तेर खाटेच्या पायथ्याशी वाकून उभी होती. तिचा चेहरा घामानं भिजला होता. ती हात उचलायचा प्रयत्न करत होती आणि हात उचलत नव्हते. "मॅडम," ती पुटपुटली, "ह्या वेळी मला ओढता येईना ओ."

भरतला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच दिसलं, की बायको पडलीय आणि तिचे पाय उघडे आहेत. तो पुढे आला, एस्तेरचे हात त्यानं अलगद बाजूला केले आणि शैलजाच्या पायांना हात लावला.

"अगं, केवढे गार पडलेत पाय!" तो म्हणाला. त्यानं दुमडलेली चादर पार खाली ओढली, पायांभोवती गुंडाळली आणि वरून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली. कुणीही न शिकवलेले, पंपांचे बोल्ट पिळून रखरखीत झालेले ते हात होते.

"सोडू नका," एस्तेर ओरडली. तिच्या आवाजानं भाचा धावत बाहेर आला. "साहेब, तसेच धरून ठेवा तिला. अरे, बघत काय उभा राहिलास? गाडी काढ!"